माळवदावरच्या अँटेनाचं कूळ

पुणे-सोलापूर महामार्गावरचं मोडनिंब हे माढा तालुक्यातलं गाव. गावातल्या घरात नेट येतं, पण शेतकऱ्याचं निम्मं बिऱ्हाड रानातल्या वस्तीवर असतं. तिथवर तार ओढणं परवडत नाही. राउटर खिडकीत ठेवून पाहिला, उंच फळीवर ठेवून पाहिला, तरी वस्तीवर रेंज नाही. मग दुकानात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बूस्टर आहे का?"

हा प्रश्न टीव्हीच्या काळातून आलेला आहे.

मुंबईत दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झालं आणि 1984 च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रं उभी राहिली. केंद्रापासून लांबच्या गावांत धाब्याच्या घरांवरही लोखंडी पाइप चढले. पाइपाच्या टोकाला ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्या. एक जण माळवदावर पाइप फिरवायचा, दुसरा खालून ओरडायचा, "थांब, थांब, आता मुंग्या गेल्या!" तरीही चित्र धूसर असेल तर अँटेनाजवळ बूस्टरची डबी बसायची. टीव्हीला फक्त ऐकायचं असतं, उलट काही सांगायचं नसतं, म्हणून ती डबी उपयोगी पडली. अर्थात मुळात लहर फारच क्षीण असली, की चित्राबरोबर मुंग्याही वाढायच्या.

त्या काड्यांचं मूळ जपानमधल्या सेंदाई शहरात आहे. तिथल्या तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा यांनी हा अँटेना घडवला आणि 1926 मध्ये त्यांचा व हिदेत्सुगु यागी यांचा निबंध प्रसिद्ध झाला. 1928 मध्ये यागींनी इंग्रजीत लिहिलं आणि जगाच्या तोंडी फक्त यागींचं नाव बसलं. प्रत्यक्ष खपले ते उदा, हे आवर्जून सांगायला हवं. जपानी लष्कराने मात्र दोघांकडेही लक्ष दिलं नाही. 1942 मध्ये सिंगापूर पडल्यावर ब्रिटिश रडारच्या टिपणांत 'यागी' हा शब्द सापडला. त्याचा अर्थ जपानी अधिकाऱ्यांना एका ब्रिटिश युद्धकैद्याकडून कळला. पुढे हेच उदा 1955 नंतर काही वर्षं दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत तज्ज्ञ म्हणून काम करत होते.

त्यांची रचना अगदी साधी आहे. तार जोडलेली काडी एकच. तिच्या मागे किंचित लांब काडी आणि पुढे किंचित आखूड काड्यांची रांग. या बाकीच्या काड्यांना कुठलीच तार नसते. मागची काडी लहर परतवते, पुढच्या तिला एका दिशेला नेतात. पाणी तेवढंच असतं, पण वाफ्यात पसरण्याऐवजी पाटातून सोडलं की लांबवर जातं, तसं हे आहे. वीज एका थेंबानेही वाढत नाही. शिवाय जो अँटेना एका दिशेला जोरात पाठवतो, तो त्या दिशेचं तितकंच चांगलं ऐकतोही.

दूरदर्शनच्या सुरुवातीच्या पट्ट्यात लहर साडेचार-पाच मीटर लांब होती, म्हणून काडी सव्वादोन मीटरच्या आसपास असायची. वायफायची 2.4 गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटिमीटरची. तिथे काडी सहा सेंटिमीटरची पुरते. अमेरिकेने 1985 मध्ये हा पट्टा विनापरवाना संपर्कासाठी खुला केला, 1997 मध्ये वायफायचं पहिलं मानक आलं, आणि भारतात 2005 च्या नियमांनी परवान्याची अट गेली. राउटरच्या मागचा अँटेना काढून पाहिलात तर आटे ओळखीचे दिसतील, पण मधली पिन आणि भोक यांची अदलाबदल झालेली असेल. ग्राहकाने मनाला येईल तो अँटेना लावू नये म्हणून अमेरिकी नियमाने वेगळी जोडणी मागितली, त्यातून ही उलटी पिन आली. टीव्हीच्या जुन्या केबलची जोडणी तर मुळातच वेगळ्या प्रकारची असते, म्हणून तीही तिथे बसत नाही.

टीव्हीच्या वारशाने आपली फसगत होते ती बूस्टरपाशी. वायफाय हा दोन्हीकडचा संवाद आहे. गावातल्या राउटरला बूस्टर, म्हणजे ॲम्प्लिफायर, लावला की वस्तीवरच्या मोबाइलवर रेंजच्या काड्या भरलेल्या दिसतात, पण मोबाइलचा क्षीण संदेश परत पोचत नाही आणि पान फिरतच राहतं. त्यातून 2005 च्या नियमांत मर्यादाही आहे: यंत्रातून फार तर 1 वॅट, आणि अँटेनाचा जोर धरून 4 वॅट. नेहमीच्या 100 मिलिवॅटच्या राउटरला 14 डेसिबलचा यागी लावला तर अडीच वॅटचं काम होतं, तेही कायद्यात राहून, आणि ऐकणंही सुधारतं.

राज्यात तारेशिवाय लांबवर नेट नेण्याचा मोठा प्रयोग पालघर भागात झाला. आयआयटी मुंबईने 'ग्राममार्ग' प्रकल्पात खामलोली आणि आसपासच्या गावांत टीव्हीच्या पट्ट्यातल्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट पोचवलं. टीव्हीच्या लहरी झाडझाडोऱ्यातून वायफायपेक्षा बऱ्या जातात.

आपल्याकडे आडवा येतो तो ऊस. ओल्या पानांत 2.4 गिगाहर्ट्झची लहर जिरते. शिवाय किलोमीटरभर अंतरावर मध्यभागी सरळ रेषेभोवती साडेपाच मीटरपर्यंत जागा मोकळी लागते, त्यामुळे नुसती दृष्टभेट पुरत नाही. पाइप उसाच्या शेंड्यापेक्षा चांगलाच वर हवा. केबलही आखूड हवी: दहा मीटर साध्या केबलमध्ये बहुतेक शक्ती वाटेतच संपते. म्हणून राउटर घरात आणि अँटेना वर, असं करू नका. जलरोधक डबीत यंत्रच पाइपावर न्या आणि खाली फक्त नेटवर्कची तार आणा. दोन्ही टोकांना दिशेचा अँटेना लावा, पाइपाला अर्थिंग द्या, आणि बूस्टरचे पैसे त्या दुसऱ्या अँटेनावर घाला.