वस्ती बदलली, वही तीच

न्यूयॉर्कच्या मशिदींवरील पाळतीची हकिगत बहुधा 11 सप्टेंबर 2001पासून सांगितली जाते. तिची पाळेमुळे शोधायची तर आपल्याला 1904पर्यंत मागे जावे लागते. त्या सुमारास इटलीत जन्मलेल्या जोसेफ पेट्रोसिनो यांच्या हाताखाली शहराच्या पोलिसांनी इटालियन पथक उभारले. वस्तीत तिच्याच बोलीचा माणूस सोडायचा, ही रीत तिथे रुळली. पेट्रोसिनो खऱ्या खंडणीखोरांच्या मागावर होते. पुढे मात्र कम्युनिस्ट आणि कृष्णवर्णीय चळवळी यांच्या बाबतीत गुन्ह्याआधीच विचारांची नोंद होऊ लागली. 21 फेब्रुवारी 1965 रोजी कृष्णवर्णीय नेते माल्कम एक्स ऑडुबॉन सभागृहात गोळ्या लागून कोसळले, तेव्हा त्यांच्या तोंडात श्वास फुंकणारा अंगरक्षक जीन रॉबर्ट्स पोलिसांचाच छुपा माणूस होता. तो श्वास नोकरीतला की जिव्हाळ्याचा, हे कुठल्या अहवालात लिहायचे? पुढे हाच रॉबर्ट्स ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीय संघटनेच्या सदस्यांवरील खटल्यात साक्षीला उभा राहिला. मे 1971मध्ये ज्यूरीने तेराही आरोपींना निर्दोष सोडले.

त्याच वर्षी बार्बरा हँडशू या वकीलबाई आणि त्यांचे सहकारी अशा पाळतीविरुद्ध न्यायालयात गेले. चौदा वर्षांनी, 1985मध्ये तडजोड झाली: गुन्ह्याची नेमकी माहिती असल्याखेरीज राजकीय हालचालींचा तपास नाही, आणि त्यालाही तीन सदस्यांच्या मंडळाची परवानगी हवी. सीआयएतून आलेले डेव्हिड कोहेन 2002मध्ये पोलिसांच्या गुप्तवार्ता विभागाचे प्रमुख झाले, तेव्हा त्यांना हा बांध अडचणीचा वाटला. 2003मध्ये न्यायाधीश चार्ल्स हेट यांनी तो सैल केला. मग ‘डेमोग्राफिक्स युनिट’चे साध्या वेशातले पोलीस मुस्लिम वस्त्यांतल्या कॅफेंत बसून कानोसा घेऊ लागले. 2008मध्ये महाविद्यालयीन मुस्लिम मुले नदीवर राफ्टिंगला निघाली, तर त्यांच्यातही एक छुपा पोलीस होता. मुलांनी दिवसातून निदान चारदा नमाज पढला, हेही त्याने टिपून ठेवले. सहलीला सोबत आलेल्याकडून एवढीच अपेक्षा होती काय, असे वाटून जाते.

2011मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने या पाळतीची पोलिसी कागदपत्रे उघड केली. वर्षभरात थॉमस गलाटी या पोलीस अधिकाऱ्याने शपथेवर सांगितले, की या युनिटच्या कामातून त्याच्या कारकिर्दीत एकाही तपासाचा धागा निघालेला नाही. 2014मध्ये युनिट मोडीत निघाले. मार्च 2017मध्ये हेट यांनीच नवी तडजोड मान्य केली आणि अशा तपासांवर विचार करणाऱ्या पोलीस समितीत एक बिगरपोलीस वकील बसला. 1985च्या त्या तिघांतही एक नागरिक होताच.