मातीत परतणारी वस्तू

आपल्या रायगडातली जुनी घरे कुडाची असत. कारवीच्या काठ्या उभ्या बांधायच्या, त्यांवर शेणमातीचा गिलावा द्यायचा, की झाली भिंत. घर मोडले तर काठ्या चुलीत जात, माती शेतात. मोहरमचे ताबूत आणि गणपतीचे मखर बांबू-कागदाचे. ताबूत थंड झाले, गणपतीचे विसर्जन झाले, की मागे फारसे काही उरत नसे. वस्तू घडवतानाच तिच्या शेवटाचा विचार झालेला असे.

मग थर्मोकोल आले. हलके, पांढरेशुभ्र, हवे तसे कापता येणारे. मखरांपासून टीव्हीच्या खोक्यांपर्यंत ते पोहोचले. पण ते कुजत नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र सरकारने प्लास्टिकबरोबर थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी घातली. पर्यावरणासाठी ते योग्यच झाले, पण त्यावर पोट असलेल्या कारागिरांनी मखर कशाचे करावे?

एक उत्तर बुरशीने दिले आहे. पावसात उगवते ती अळंबी म्हणजे बुरशीचे केवळ फळ. तिचा खरा देह म्हणजे लाकडात, पाचोळ्यात पसरलेले पांढऱ्या तंतूंचे जाळे. पेंढ्यावर धिंगरी अळंबी पिकवणाऱ्यांना ते ठाऊक आहे. पिशवी फाडली तरी आतला पेंढा सुटत नाही, तंतूंनी तो घट्ट बांधलेला असतो.

याच गुणाचा उपयोग अमेरिकेत एबेन बेयर आणि गॅव्हिन मॅकिंटायर या दोन तरुणांनी केला. २००७ मध्ये त्यांनी कंपनी काढली. शेतातला कचरा निर्जंतुक करून त्यात बुरशीचे बियाणे मिसळायचे, साच्यात भरायचे. काही दिवसांत तंतू साचा व्यापतात. मग उष्णता देऊन वाळवले की बुरशी मरते, वस्तू तयार होते. २०१४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा सुमारे दहा हजार विटांचा चाळीस फुटी मनोरा उभा राहिला. उन्हाळा संपल्यावर तो उतरवून त्याचे खत केले.

या विटा भाजलेल्या विटेइतक्या मजबूत नाहीत, पाणीही शोषतात. कोकणच्या पावसात त्यांचे घर टिकणार नाही. पण दहा दिवसांच्या मखराला किंवा काचसामानाच्या वेष्टनाला किती टिकायचे असते?

रायगड हा भाताचा जिल्हा. पेंढ्यावर पहिला हक्क गुरांचा, हे खरे. पण गिरणीतला तूस आहे, मखरे घडवणारे हात आहेत. आपल्या कृषी महाविद्यालयांनी आणि कारागिरांनी एकत्र बसून हा प्रयोग करून पाहायला हवा. वस्तूच्या शेवटाचा विचार आपल्याला नवा नाही. मध्यंतरी तो सुटला होता, एवढेच.