पर्जन्य, काच आणि रबराची पट्टी

मोटारीच्या समोरच्या काचेवरचे पाणी निपटणारा जो वायपर आज पावसाळ्याखेरीज कोणाच्या स्मरणातही राहत नाही, त्याचा इतिहास मोटारीपासून नव्हे, तर ट्रामपासून सुरू होतो. विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार हे बहुतांशी उघडे वाहन होते. ज्या गाडीला धड छप्पर नाही तिच्या चालकाने पावसात भिजायचे हे गृहीतच असे, आणि जेथे पुढे काच असे तेथेही ती पुष्कळदा आडव्या दोन तुकड्यांची असून वरचा तुकडा बिजागरीवर उघडता येत असल्यामुळे, तोंडावर चार सपकारे सोसून का होईना, पुढची वाट दिसत असे. ट्रामचा प्रश्न निराळा होता, कारण तिच्या पोटात भाडे भरून बसलेले उतारू होते, आणि मोटरमनने वाट दिसावी म्हणून काच उघडली की बाहेरचे हिमकण थेट त्यांच्या अंगावर येत.

१९०२-०३ च्या हिवाळ्यात न्यूयॉर्कमध्ये हाच प्रकार अलाबामा राज्यातून आलेल्या मेरी अँडरसन या बाईंच्या नजरेस पडला. त्या शास्त्रज्ञ नव्हत्या की कारागीरही नव्हत्या. कॅलिफोर्नियात काही काळ गुरांचे कुरण आणि द्राक्षमळा सांभाळलेल्या आणि पुढे बर्मिंगहॅम शहरात भाड्याच्या इमारतीची मालकी पाहणाऱ्या त्या व्यवहारदक्ष गृहस्थ स्त्री होत्या, आणि कदाचित त्यामुळेच ज्या गैरसोयीला तज्ज्ञ मंडळी ऋतुधर्म मानून स्वस्थ बसली होती, ती दूर करता येण्याजोगी आहे असे त्यांना वाटले. आत बसून हाताने फिरवायची तरफ, तिच्याशी जोडलेला काचेबाहेरचा दांडा, दांड्याला रबराची पट्टी आणि ती पट्टी काचेवर सारख्या दाबाने टेकून राहावी म्हणून योजलेले वजन, शिवाय हवा कोरडी असेल तेव्हा सगळे काढून ठेवण्याची सोय, अशी त्यांची रचना होती. आणि १० नोव्हेंबर १९०३ रोजी अमेरिकेच्या पेटंट दफ्तराने ७,४३,८०१ या क्रमांकाने तिची सनद त्यांना दिली. १९०५ मध्ये कॅनडातील एका पेढीपुढे त्यांनी हे हक्क विक्रीस ठेवले असता, या वस्तूची विक्री हाती घेण्याइतके व्यापारी मोल तिच्यात नाही, असा जबाब आला.

त्या पेढीची आज यथेच्छ थट्टा होते; मला मात्र तिची थोडी कीव येते, कारण तत्कालीन परिस्थितीत तिचा हिशेब सर्वस्वी चुकलेला नव्हता. वायपरची निकड मोटारीने नव्हे, तर मोटारीच्या बंद सांगाड्याने उत्पन्न केली. चारी बाजूंनी काचा असलेली, आतून कोरडी आणि ऊबदार गाडी १९२० नंतरच्या दशकात सामान्य मध्यमवर्गीयाच्या आटोक्यात आली आणि मगच समोरची काच उघडणे कोणालाच परवडेनासे झाले. अमेरिकन सनदेची मुदत त्या काळी सतरा वर्षांची असे. अँडरसनबाईंची सनद १९२० मध्ये संपली, म्हणजे पीक पदरात पडण्याच्या ऐन हंगामात, आणि त्यांना त्यातून कपर्दिकही मिळाली नाही.

मधल्या काळात इतरांनीही हात घालून पाहिला होता. जर्मन सम्राटाचा सख्खा भाऊ, नौदलात उच्चाधिकारी आणि मोटारींचा मोठा शौकीन असा राजपुत्र हाइनरिख याने १९०८ मध्ये अशाच एका हातयंत्राचे पेटंट घेतले. १९१७ मध्ये शार्लट ब्रिजवूड या बाईंनी विजेवर फिरणाऱ्या रबरी लाटण्यांची योजना नोंदवली. तीही बाजारात रुजली नाही. आणि ज्यांच्यापाशी कसलेही यंत्र नव्हते ते चिरलेला बटाटा, कांदा किंवा ओली तंबाखू काचेवर चोळून मोकळे होत, हा उपाय आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांनाही अपरिचित नाही. त्यात भोळेपणाही नाही. अशा लेपामुळे पाण्याचे सुटे थेंब न राहता सलग पातळ थर पसरतो आणि त्यातून निदान समोरून येणाऱ्या गाडीची आकृती ओळखू येते.

व्यापार जुळवला तो न्यूयॉर्क राज्यातील बफलो शहरच्या जॉन ओइशे या नाटकगृहाच्या व्यवस्थापकाने. १९१६ मध्ये भर पावसात गाडी हाकताना एका सायकलस्वाराला त्याची धडक बसली. स्वार बचावला, पण ओइशेच्या मनाने घेतलेली धास्ती गेली नाही, आणि काचेच्या दोन तुकड्यांमधल्या फटीतून सरकवायचा एक हातवायपर शोधून काढून तो विकण्यासाठी त्याने कंपनी उभारली. हीच पुढची ट्रायको कंपनी.

हात मोकळा करण्याची पुढची युक्ती मोठी चतुर आणि तितकीच लहरी निघाली. इंजिन आपल्या नळीवाटे हवा ओढून घेते, तेव्हा त्या नळीत जे शोषण निर्माण होते त्याच्याच बळावर वायपर हलवावा, म्हणजे निराळी मोटर नको, विजेचा खर्च नको, असा हा सौदा होता. मात्र हे शोषण ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका असताना जोरदार असते आणि पाय दाबताच ओसरते. परिणामी उतारावर वायपर उगाच धावपळ करी, तर चढणीवर, इंजिन सर्व शक्तीनिशी गाडी ओढत असताना, काचेच्या मध्यावर येऊन निपचित पडे. अमेरिकन गाड्या तर आपल्या मुलखात मुबलक होत्या, आणि १९२८ मध्ये शिवडीला जनरल मोटर्सच्या गाड्यांची जुळणीही सुरू झाली. तेव्हा श्रावणात खंडाळ्याचा घाट चढताना अशी गाडी चालवणाऱ्याने क्षणभर पाय सैल सोडून वायपरला एक फेरा मारू द्यायचा आणि गाडी मागे रेलण्याच्या आत पुन्हा पाय दाबायचा, एवढीच तडजोड त्याच्या हाती उरे. जर्मनीच्या बॉश कंपनीने १९२६ मध्येच विजेचा वायपर बाजारात आणला होता. तरीही काही अमेरिकन गाड्यांत ही शोषणाची पद्धत १९७२ पर्यंत टिकली. स्वस्त वस्तू सहजासहजी मरत नाही.

विजेने चाल एकसारखी केली. पण रिमझिम पावसात एकसारखी चाल हीच पीडा ठरते, कारण कोरड्या काचेवर रबर करकरते आणि नजर विचलित होते. डेट्रॉइटचे अभियंता आणि प्राध्यापक रॉबर्ट कर्न्स यांना १९५३ मध्ये, स्वतःच्या विवाहाच्या रात्री, शँपेनच्या बाटलीचे बूच डाव्या डोळ्यावर लागून त्या डोळ्याची दृष्टी जवळजवळ गमवावी लागली होती. पापणी अखंड फडफडत नाही, थांबून थांबून मिटते, मग वायपरनेही तसे का करू नये, असा विचार त्यांनी पुढे केला. संधारित्रात विद्युत्भार हळूहळू साठू द्यायचा, तो ठरावीक मात्रेला पोचताच ट्रान्झिस्टरने मोटर एकदा फिरवायची, आणि पुन्हा भार साठेपर्यंत वाट पाहायची, अशी ती योजना होती. फोर्ड कंपनीने ती पाहिली, करार मात्र केला नाही, आणि १९६९ मध्ये थांबून चालणारे वायपर आपल्या गाड्यांवर बसवले. १९७८ मध्ये कर्न्सनी फिर्याद ठोकली. यातले सगळे भाग आधीच बाजारात मिळणारे आहेत, मग नवा शोध कसला, हा कंपन्यांचा मुख्य बचाव. जुळणी नवी आहे, हे त्यांचे उत्तर. १९९० मध्ये फोर्डकडून १ कोटी २ लाख डॉलर ठरले. क्रायस्लरविरुद्ध त्यांनी पुष्कळसा कज्जा वकीलपत्र कोणास न देता स्वतःच लढवला आणि व्याज धरून सुमारे ३ कोटी डॉलर मिळवले. इतर कंपन्यांवरचे दावे मात्र कागद मुदतीत दाखल न झाल्यामुळे फेटाळले गेले, आणि तोवर त्यांचा संसारही मोडला होता.

आता काचेच्या आतून सोडलेला अवरक्त प्रकाश किती परत आला आणि थेंबांमुळे किती बाहेर निसटला, याचे मोजमाप करून गाडीच वायपरचा वेग ठरवते. काचेला प्रत्यक्ष टेकते ती मात्र अजून रबराचीच पट्टी, आणि वैशाखाच्या उन्हात ती कडक होत असल्यामुळे मृगापूर्वी बदलावी लागते.