स्लाइडपासून पीडीएफपर्यंत

१९८७ साली मॅकिंटॉशवर पॉवरपॉइंट आले, तेव्हा त्याचे मुख्य काम छापण्याचेच होते. फोरथॉट कंपनीतल्या रॉबर्ट गॅस्किन्स आणि डेनिस ऑस्टिन यांच्या या कृष्णधवल प्रोग्राममधून ओव्हरहेड प्रोजेक्टरसाठीच्या पारदर्शिका निघत. एकदा छापलेले अक्षर जागचे हलत नसे. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टने १.४ कोटी डॉलर मोजून ही कंपनी विकत घेतली.

पुढे स्लाइड फाइल म्हणूनच फिरू लागल्या आणि दुखणे सुरू झाले. मराठी माणसाने ते जरा जास्तच सोसले. युनिकोड रुळण्याआधी श्रीलिपीसारख्या फॉन्टमध्ये केलेले सादरीकरण तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडले, की देवनागरीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा निरर्थक गुंता दिसे. फाइलमध्ये फक्त सांकेतिक क्रमांक असत. अक्षरांचे आकार राहत फॉन्टमध्ये, म्हणजे मूळ संगणकावरच.

यावरचे उत्तर अ‍ॅडोबीच्या जॉन वॉरनॉक यांच्या कल्पनेतून आले. १९९३ च्या पीडीएफमध्ये फॉन्ट फाइलमध्येच बसवता येत. अ‍ॅनिमेशन गेले, पण मजकूर शाबूत राहिला. सौदा फायद्याचाच!

तरीही ऑफिस २००७ बाजारात आले तेव्हा, अ‍ॅडोबीच्या हरकतीमुळे, पॉवरपॉइंटमधून पीडीएफ करण्याची सोय वेगळी डाउनलोड करावी लागे. २००८ मध्ये पीडीएफ आयएसओ मानक झाले आणि २००९ च्या सर्व्हिस पॅक २ पासून पॉवरपॉइंट स्वतःच पीडीएफ करून देऊ लागले.