गीतमाला ते पॉडकास्ट : ऐकणाऱ्यांचा इतिहास

‘पॉडकास्ट’ हा शब्द 2004 साली बेन हॅमर्सली या ब्रिटिश पत्रकाराने ‘गार्डियन’मधल्या लेखात वापरला. आयपॉड आणि ब्रॉडकास्ट यांची ती जोडणी होती. पण आपल्या आवडीचा आवाज शोधायचा आणि ठरल्या वेळी त्याची वाट बघायची, ही सवय आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीची आहे.

1952 साली बा. वि. केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे जाणकार. सिनेमाची गाणी अभिरुची बिघडवतात, असं त्यांचं मत. आकाशवाणीवरून ही गाणी जवळपास हद्दपार झाली. श्रोत्यांनी तक्रार केली नाही, रेडिओची सुई फिरवून सिलोन लावलं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप कोलंबोला जायची. पहिल्याच भागानंतर 9 हजार पत्रं आली, असं अमीन सायानी सांगत. अखेर 3 ऑक्टोबर 1957 रोजी सरकारला ‘विविध भारती’ सुरू करावी लागली. काय ऐकायचं हे मंत्र्यानं नव्हे, ऐकणाऱ्यानं ठरवलं.

सायानींच्या भाषेचं मूळ त्यांच्या घरात होतं. त्यांच्या आई कुलसुम सायानी प्रौढ साक्षरतेचं काम करत. गांधीजींच्या प्रेरणेनं त्या ‘रहबर’ नावाचं पाक्षिक काढत. भाषा सोपी हिंदुस्थानी, लिपी मात्र तीन : देवनागरी, उर्दू आणि गुजराती. अमीन त्यांना मदत करत. नव्यानं अक्षर ओळखणाऱ्या बाईला समजेल असं लिहिता लिहिता त्यांची बोली घडली. रेडिओवर तीच बोली उपखंडभर पोहोचली. 20 फेब्रुवारी 2024 रोजी ते गेले, तेव्हा अनेकांनी ‘बहनों और भाइयों’ म्हणणारा आवाज आठवला. ‘रहबर’ची आठवण फार कमी जणांना झाली.

भिवंडीसारख्या गावाला या भाषेचं मोल वेगळं सांगायला नको. इथं कोकणी मुसलमान आहेत, उत्तरेतून आलेले मोमीन विणकर आहेत, आगरी-कोळी आहेत, तेलंगणातून आलेले पद्मशाली आहेत. घरची भाषा वेगवेगळी, माग मात्र एकच. यंत्रमाग सुरू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. म्हणून इथं निवांत ऐकायचं ते पाळी संपल्यावर. रेडिओसाठी टपाल खात्यातून लायसन्स काढावं लागे, त्या काळात असा निवांतपणा बहुतेकांच्या वाट्याला चारचौघांतच यायचा. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आहे. कुणी तफसीर ऐकतो, कुणी क्रिकेट, कुणी उर्दू अफसाना, कुणी ‘बीबीसी मराठी’.

मराठीत आज पॉडकास्ट बरेच आहेत. गप्पा, उद्योग, आरोग्य, इतिहास, सगळं आहे. पण त्यात मराठी मुसलमान किती वेळा बोलतो? बोलला तरी बहुधा त्याला तलाक, हिजाब आणि दंगल यांवरच प्रश्न विचारले जातात.

दंगलीवर बोलायचं तर पुरतं बोलू या. मे 1970च्या भिवंडी दंगलीची चौकशी न्या. डी. पी. मदान यांनी केली. त्यांचा अनेक खंडांचा अहवाल अभ्यासकांपलीकडे कोण वाचतो? 1984 साली शहर पुन्हा जळालं. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी 1988 पासून मोहल्ला समित्या उभ्या केल्या. 1992-93 मध्ये मुंबई पेटली, पण भिवंडी शांत राहिली. खोपडेंनी त्यावर ‘मुंबई जळाली, भिवंडी का नाही?’ हे मराठी पुस्तकही लिहिलं.

समित्यांमध्ये बसलेले अनेक जण आज म्हाताऱ्या वयात आहेत. त्यांचे आवाज साठवायला स्टुडिओ लागत नाही. मोबाइल आणि बंद खोली पुरते. गरज आहे ती ‘रहबर’सारख्या सोप्या भाषेची, आणि हे काम या एक-दोन वर्षांतच करण्याची.