रविवारची वहिवाट

‘वहिवाट’ हा शब्द आमच्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. वाडीच्या बांधावरून विहिरीकडे, बावखलाकडे किंवा चर्चकडे जाणारी पायवाट आजोबा-पणजोबांपासून लोक तुडवीत आले असले, आणि एके दिवशी जमिनीच्या मालकाने तेथे काटेरी कुंपण घातले, तर साऱ्या आळीत जी चर्चा उसळते ती आपण सर्वांनी ऐकलेली आहे. अशा वेळी म्हातारी माणसे सातबाऱ्याचा उतारा मागत नाहीत. ‘आम्ही येथून चालत आलो आहोत’ एवढेच ती सांगतात. पावलांना पुराव्याचे मोल असते, हा त्यांचा विश्वास.

या विश्वासाच्या बळावर इंग्लंडच्या उत्तर भागातील गिरणी-कारखान्यांतील कामगारांनी डोंगर मोकळे करून घेतले. १९३२ साली काही तरुणांना डोंगरावर चढल्याबद्दल तुरुंगात जावे लागले, हा त्या इतिहासाचा अर्धा भाग पुष्कळांना ठाऊक असतो. उरलेला अर्धा भाग दर रविवारी सकाळी ठरलेल्या गाडीने ठरलेल्या स्थानकावर उतरून, दिवसभर चालून, संध्याकाळी घरी परतणाऱ्या पदभ्रमण मंडळांचा आहे. त्यात मारामारी नाही, खटला नाही. म्हणून तो फारसा कोणी सांगत नाही. आम्हांला मात्र तोच अधिक महत्त्वाचा वाटतो.

मँचेस्टर हे कापडगिरण्यांचे शहर, तर शेफिल्ड पोलादाचे. दोहोंच्या मधोमध पीक डिस्ट्रिक्ट नावाचा डोंगराळ मुलूख पसरलेला आहे. त्यातील सर्वांत उंच पठार म्हणजे किंडर स्काउट. उंची अवघी ६३६ मीटर, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या निम्म्याहूनही कमी. परंतु वर काळ्या, भुसभुशीत मातीचे आणि हेदर नावाच्या झुडपांचे मैलोन्‌मैल पसरलेले उजाड रान. गिरण्यांच्या धुराने आकाश न दिसणाऱ्या गल्ल्यांत राहणाऱ्या माणसाला ते रान घरातून जवळजवळ दिसत असे. १८५० च्या कारखाने कायद्याने कापडगिरण्यांतील शनिवारचे काम दुपारी दोनला थांबू लागले. १८९४ मध्ये शेफिल्ड आणि मँचेस्टर यांना जोडणारा एडेल खोऱ्यातील लोहमार्ग उतारूंसाठी खुला झाला. रविवार मोकळा होता आणि आता गाडीही थेट डोंगराच्या पायथ्याशी जात होती.

अडचण एकच होती, डोंगर परक्याचा होता. पूर्वी आसपासच्या गावांची गुरे जेथे चरत, ती सामाईक राने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कायदेशीर वाटण्या होऊन लगतच्या जमीनमालकांकडे गेली. मालकांना त्या रानाचा उपयोग मुख्यतः ग्राऊस नावाच्या पक्ष्याच्या शिकारीसाठी. हा शिकारीचा हंगाम १२ ऑगस्टला सुरू होऊन डिसेंबरात संपतो आणि त्यातही प्रत्यक्ष बंदुका मोजकेच दिवस वाजतात. परंतु पक्षी बिथरू नयेत म्हणून वर्षभर राखणदार काठ्या घेऊन उभे असत. किंडरच्या अंगावरून जाणाऱ्या सार्वजनिक वाटा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या होत्या.

येथे थोडे मागे जाऊन लंडनकडे पाहावयास हवे. कारण नियमित, संघटित, एका दिवसाच्या पदभ्रमणाचा एक जुना आणि नामांकित नमुना तेथील आहे, आणि तो कामगारांचा नव्हता. सर लेस्ली स्टीफन या विद्वान गृहस्थांनी १८७९ मध्ये ‘संडे ट्रॅम्प्स’ म्हणजे ‘रविवारचे भटके’ नावाचे मंडळ काढले. स्टीफन हे राष्ट्रीय चरित्रकोशाचे पहिले संपादक, आल्प्सचे गिर्यारोहक आणि पुढे प्रसिद्धीस आलेल्या लेखिका व्हर्जिनिया वुल्फ यांचे वडील. त्यांच्या मंडळात वकील, प्राध्यापक आणि लेखक असत. एक रविवार सोडून दुसऱ्या रविवारी ते आगगाडीने शहराबाहेर पडत आणि वीसेक मैल चालून येत. वाटेत कधी चार्ल्स डार्विन, तर कधी कादंबरीकार जॉर्ज मेरेडिथ यांच्या घरी थबकत. परक्याच्या रानात शिरावयासही ही मंडळी कचरत नसत. राखणदाराने हटकलेच तर त्यांच्यातील कायदेपंडित सर फ्रेडरिक पोलॉक यांनी रचून दिलेले एक वाक्य ते एका सुरात म्हणत. त्याचा आशय असा की, या जमिनीतून जाण्याच्या कोणत्याही वहिवाटीचा आम्ही दावा करीत नाही आणि झालेल्या तसदीबद्दल हा एक शिलिंग देत आहोत.

गंमतीची गोष्ट म्हणून ही आठवण सांगितली जाते. आम्हांला मात्र तिच्यात दोन वर्गांमधील सारे अंतर दिसते. ज्याच्या खिशात शिलिंग होता आणि ओठांवर कायद्याची भाषा होती, त्याला हक्क मागण्याची गरजच नव्हती. राखणदारही त्याला अदबीनेच वाट देत असेल. शेफिल्डच्या कारखान्यातील कामगाराला मात्र एक शिलिंग हा विचार करून खर्च करावयाचा पैसा होता, आणि ‘आम्ही दावा करीत नाही’ हे वाक्य तर त्याला मुळीच परवडणारे नव्हते.

१९०० साली शेफिल्डमधील जॉर्ज हर्बर्ट ब्रिजेस वॉर्ड या चोवीस वर्षांच्या यंत्रकामगाराने ‘क्लेरियन’ या समाजवादी साप्ताहिकात एक निवेदन दिले. अमुक रविवारी किंडर स्काउटला प्रदक्षिणा घालावयाची आहे; ज्यांना यावयाचे असेल त्यांनी यावे. २ सप्टेंबर १९०० या रविवारी सकाळी चौदा जण एडेलच्या गाडीत बसले. त्यांत अकरा पुरुष होते आणि तीन स्त्रिया. त्या काळी स्त्रियांनी परक्या पुरुषांसमवेत दिवसभर डोंगर तुडविणे हे सर्वांनाच रुचणारे नव्हते, म्हणून ही संख्या मुद्दाम नोंदवीत आहोत. एडेलहून जेकब्ज लॅडरच्या चढणीने हेफिल्डच्या बाजूस उतरून, विल्यम क्लफच्या घळीतून वर येऊन, स्नेक इन या रस्त्यालगतच्या खाणावळीवरून ही मंडळी सुमारे वीस मैल चालली. पठाराच्या माथ्याला त्यांनी हात लावला नाही. भोवतीच्या सार्वजनिक वाटांनीच फेरी पुरी केली.

विल्यम क्लफची ती वाट तरी त्यांना मोकळी का मिळाली? कारण जमीनमालकांनी बंद केलेली ही वाट, १८९४ मध्ये स्थापन झालेल्या पायवाट संरक्षण संस्थेने बऱ्याच खटपटीनंतर १८९७ साली पुन्हा खुली करून घेतली होती. वॉर्ड यांच्या आधीही कोणीतरी कागदपत्रे चाळली होती आणि म्हाताऱ्या गावकऱ्यांच्या साक्षी मिळविल्या होत्या. अशा कामांना श्रेय कोठे मिळते! तीच संस्था १९०५ पासून वाटांच्या तोंडाशी दिशादर्शक पाट्या लावू लागली. त्या संस्थेच्या शेकडो हिरव्या पाट्या आजही त्या मुलखात उभ्या आहेत.

त्या एका फेरीतून ‘शेफिल्ड क्लेरियन रॅम्बलर्स’ हे मंडळ उभे राहिले. त्याची खरी कमाई आम्ही एका लहानशा वस्तूत पाहतो, ती म्हणजे मंडळाची वार्षिक पुस्तिका. ती कोटाच्या खिशात मावेल एवढीच असे. तीत वर्षभराच्या फेऱ्यांची यादी असावयाची: तारीख, स्थानक, गाडीची वेळ, वाट, अंतर आणि त्या दिवशीच्या म्होरक्याचे नाव. वर्षाचा बेत आधीच छापून गेलेला असल्यामुळे हवा पाहून घरी बसण्याची सोय उरत नसे. वॉर्ड यांनी सुमारे अर्धशतक या पुस्तिका संपादित केल्या आणि यादीच्या जोडीला तीत लेख लिहिले: एखाद्या टेकडीचे नाव कसे पडले, घोड्यांवरून मीठ नेणारे व्यापारी कोणत्या घळीतून जात, अमुक फाट्यावरचा दगडी स्तंभ कोणी उभारला. हे त्यांनी मेंढपाळांना आणि शेतकऱ्यांना विचारून, जुने दस्तऐवज धुंडाळून गोळा केले होते. वरवर पाहता हा स्थानिक इतिहासाचा छंद. परंतु ‘या वाटेने पूर्वी लोक जात होते’ याची प्रत्येक नोंद म्हणजे कुंपणवाल्याविरुद्धचा एक साक्षीदार होता. मालकांनाही हे कळत असावे. १९२३ मध्ये किंडरच्या मालकाने वॉर्ड यांच्याविरुद्ध न्यायालयाचा मनाईहुकूम मिळविला.

रविवारचा प्रश्न आमच्या वाचकांच्या मनात आला असेलच. प्रभूचा दिवस डोंगरात घालवावा काय, ही तक्रार त्या काळच्या प्रॉटेस्टंट इंग्लंडमध्ये मोठ्याने ऐकू येई, आणि स्टीफन यांच्यासारखा धर्मसेवा सोडून दिलेला गृहस्थ म्होरक्या असला की तिला धारही येई. परंतु सर्वच धर्मसेवक या चळवळीच्या विरोधात नव्हते. लँकेशायरमधील कोल्न या गिरणीच्या गावातील पाळक टी. ए. लेनर्ड यांनी १८९१ साली आपल्या मंडळीतील तरुणांना ब्लॅकपूलच्या झगमगाटाऐवजी अ‍ॅम्बलसाइडच्या डोंगरांत नेले, आणि त्यातून कामगारांच्या स्वस्त पदभ्रमण-सहलींची एक देशव्यापी संस्था निर्माण झाली. शिवाय मिळून चालणे ही काही त्या शहरांना नवी गोष्ट नव्हती. मँचेस्टरमध्ये १८०१ पासून पेन्टेकॉस्टच्या सप्ताहात धर्मशिक्षण शाळांच्या मिरवणुका निघत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून आयरिश वंशाच्या कॅथलिक धर्मग्रामांनीही शुक्रवारी आपली वेगळी मिरवणूक काढण्यास सुरुवात केली. उपरे आणि गरीब समजल्या गेलेल्या त्या लोकांचे भर रस्त्यातून शिस्तीने चालणे हाही एक दावाच होता.

१९३२ ची हकिकत थोडक्यात सांगतो, कारण ती इतरत्र पुष्कळ वाचावयास मिळते. मंदीमुळे बेकारी वाढलेली होती. बेकार हातांना डोंगर हाच स्वस्त विसावा. त्यामुळे रविवारच्या गाड्या भरून वाहत. त्या वसंतात साम्यवादी विचारांच्या कामगार क्रीडा संघटनेच्या तरुणांना राखणदारांनी ब्लीकलो या डोंगरावरून हुसकावून लावले. तेव्हा वीस वर्षांच्या बेनी रॉथमनने उघड जाहीर करून किंडरवर सामूहिक प्रवेशाची हाक दिली. २४ एप्रिलच्या रविवारी चारेकशे जण हेफिल्डहून निघाले. विल्यम क्लफच्या चढणीवर राखणदारांशी झटापट झाली आणि एक राखणदार जखमी झाला. परतताना सहा तरुणांना पकडण्यात आले. त्यांपैकी पाच जणांना डर्बीच्या न्यायालयात दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या, त्याही अनधिकार प्रवेशाबद्दल नव्हे तर दंगा आणि मारहाण यांबद्दल. खटला उभा करण्यास संमती देणाऱ्या पंचमंडळात लष्करी अधिकारी आणि जमीनदार यांचाच भरणा होता. हा अन्याय लोकांना झोंबला आणि जुन्या पदभ्रमण मंडळांकडेही सहानुभूतीचा ओघ वळला. मोहिमेच्या प्रसिद्धीचे काम पाहणाऱ्या इवन मॅकॉलने पुढे तिच्यावर रचलेले ‘द मँचेस्टर रॅम्बलर’ हे गीत आजही गायिले जाते.

जुन्या मंडळांच्या महासंघाचे पुढारी मात्र या साहसावर नाराज होते. जमीनमालकांशी चाललेली बोलणी यामुळे फिसकटतील, अशी त्यांना भीती वाटत होती. आजचे लेखक त्यांना भित्रे ठरवितात. आम्हांला हा निवाडा घाईचा वाटतो. त्याच १९३२ साली इंग्लंडच्या संसदेने वहिवाटीच्या हक्काचा कायदा संमत केला. सलग वीस वर्षे लोक एखाद्या वाटेने उघडपणे, कोणाची परवानगी न मागता आणि अडथळ्यावाचून चालत आले असतील, तर ती वाट लोकांना वाहिलेली आहे असे गृहीत धरावे, हे त्याचे सार. आपल्याकडील १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यातही शेजाऱ्याच्या जमिनीतून जाण्याच्या हक्काला वीस वर्षांचीच मुदत घातलेली आहे. आता पोलॉक यांचे ते वाक्य आठवून पाहा. ‘आम्ही वहिवाटीचा दावा करीत नाही’ असे म्हणून चाललेली शंभर वर्षेही या कायद्यापुढे शून्य, आणि छापील पुस्तिका खिशात घेऊन दर वर्षी त्याच वाटेने गेलेला कामगारांचा जथा म्हणजे तयार पुरावा! रॉथमनच्या धाडसाला आम्ही कमी लेखीत नाही. त्याने मागणी साऱ्या देशाच्या कानावर घातली. पण न्यायालयात आणि कचेरीत दाखवावयास जे लागते, ते तिच्यापाशी तीस वर्षांच्या रविवारांनी आणून ठेवले होते.

हा कायदा वाटांपुरताच होता. पठारावर मनसोक्त हिंडण्याचा हक्क त्यात नव्हता. त्या हक्कासाठी जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्येच संसदेत विधेयक मांडले होते आणि ते पडले होते. १९३९ मध्ये त्या नावाचा जो कायदा झाला, त्याला मालकांच्या बाजूने इतकी ठिगळे लागली की चालणाऱ्यांनी त्याचा धिक्कारच केला. १९४९ च्या कायद्याने राष्ट्रीय उद्याने निर्माण झाली आणि सार्वजनिक पायवाटांचे अधिकृत नकाशे करण्याचे बंधन जिल्हा मंडळांवर आले. त्या देशातील पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये घोषित झाले, ते पीक डिस्ट्रिक्टच. उघड्या रानात फिरण्याचा सार्वत्रिक हक्क यावयास २००० साल उजाडले. २००२ च्या एप्रिलमध्ये, सामूहिक प्रवेशाला सत्तर वर्षे झाल्यानिमित्त, डेव्हनशायरच्या अकराव्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. ती ऐकावयास रॉथमन नव्हते. त्याच वर्षीच्या जानेवारीत त्यांचे निधन झाले होते.

वॉर्ड यांच्याविषयी एक गोष्ट सांगावयाची राहिली. १९४५ साली शेफिल्डच्या पदभ्रमण मंडळांनी वर्गणी काढून, त्यांच्या सन्मानार्थ लूज हिल या टेकडीच्या माथ्याची जमीन विकत घेतली आणि खरेदीखत त्यांच्या हाती ठेवले. ज्याला एकेकाळी किंडरवर पाय ठेवण्याची मनाई होती, तो माणूस एकोणसत्तराव्या वर्षी डोंगराचा मालक झाला होता. वॉर्ड यांनी ती जमीन लगेच सर्वांसाठी राष्ट्रीय न्यासाच्या स्वाधीन केली. त्या माथ्याला ‘वॉर्ड्‌स पीस’ म्हणतात. शेफिल्डहून सकाळच्या गाडीने निघून, होप स्थानकावर उतरून तेथे चढावे आणि एडेलच्या बाजूने उतरून संध्याकाळच्या गाडीने परतावे, एवढेच ते अंतर आहे.