आजोबांची 'इंग्लिश' रॅले

आमच्या घरात एक गोष्ट लहानपणापासून ऐकत आलोय. आजोबांची सायकल साधीसुधी नाही, 'इंग्लिश रॅले' आहे. थेट नॉटिंगहॅमची! कुण्या गोऱ्या साहेबाने मायदेशी परत जाताना ती आजोबांना दिली, अशी पुरवणी काकांनी जोडली. पुरावा म्हणून सगळे चेनव्हीलकडे बोट दाखवायचे. त्यात बगळ्यांची डोकी कापलेली आहेत आणि ती रॅलेची खूण आहे, हे खरंच. पण चेनव्हील काय, उद्या काढून दुसऱ्या सायकलला बसवता येतं. हे आमच्यासारख्या खटपट्या लोकांनाच कळतं, घरच्यांना नाही. :-)

तर झालं असं, दिवाळीनंतर ही सायकल पूर्ण उघडायची ठरवली. डावा क्रँक खटखट करत होता. जुन्या सायकलींचे क्रँक कॉटर पिनने अडकवलेले असतात आणि साठ-सत्तर वर्षांची गंजलेली कॉटर काढणं म्हणजे अक्कलदाढ काढण्यातला प्रकार. नट सैल करायचा, क्रँकखाली भक्कम टेकू द्यायचा आणि मग एकच जोरदार घाव. टेकू न देता ठोकत बसलात तर मार आतल्या छर्ऱ्यांना बसतो आणि पिन वाकते ती वेगळीच. माझी हलेना. रॉकेल सोडून ठेवलं दोन दिवस.

रिकाम्या हाताला चैन कुठली! हँडलखालच्या नळीवरचा रंग खरवडायला घेतला. वर चंदेरी, खाली हिरवा (काकांचं कॉलेज), त्याखाली दोन थर काळा. तिथल्या बॅजवरही दर वेळी रंगाऱ्याने इमानेइतबारे ब्रश फिरवलेला. त्यामुळे त्यावर 'रॅले' एवढंच जेमतेम वाचता यायचं. सुईने रंग काढत गेलो तर खाली बारीक अक्षरं निघाली. 'इंडिया'!

खाली बसलो फरशीवर.

म्हणजे ही सेन-रॅले. स्वातंत्र्यानंतर सरकारने आयातीवर बंधनं आणली, तेव्हा इंग्लिश सायकल कंपन्यांना इथेच कारखाना काढणं भाग पडलं. सुधीर कुमार सेन यांनी रॅलेबरोबर भागीदारी करून १९५२ साली बंगालमध्ये आसनसोलला कारखाना सुरू केला. त्याच काळात सोनीपतला अ‍ॅटलस (१९५१), मद्रासजवळ अंबत्तूरला टी. आय. आणि मग लुधियानात हिरो (१९५६) आली. सगळ्यांनी साचा एकच उचलला, तो इंग्लिश रोडस्टरचा. २८ इंची चाकं, सळीचे ब्रेक, पुढच्या चाकात ३२ तारा आणि मागच्यात ४०. मागे जास्त, कारण कॅरिअरवरचं पोतं आणि माणूस दोन्ही मागच्या चाकावर येतात. हा साचा इतकी वर्षं जवळजवळ तसाच राहिला, म्हणून तर या सायकलचा टायर मला आजही मिळतो. गेल्या दहा वर्षांत घेतलेल्या माझ्या गिअरच्या सायकलचा सुटा भाग मात्र दोन वर्षांत 'बंद झालाय साहेब' होतो. असो.

सेन-रॅले १९७५ मध्ये सरकारच्या ताब्यात गेली, १९८० मध्ये तिचं राष्ट्रीयीकरण झालं आणि पुढे ती बंदच पडली. नॉटिंगहॅमला तरी कुठे राहिली? तिथलं उत्पादनही २००२ मध्ये थांबलं.

मग आजोबांचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढला. पुण्यात तेव्हा सायकलवर कर होता. महानगरपालिकेला पैसे भरले की धातूचा बिल्ला मिळायचा, तो सायकलला लावायचा. बिल्ला नाही, दिवा नाही किंवा डबलसीट, यांपैकी काही सापडलं की पोलीस अडवायचाच. आजोबांनी सगळे बिल्ले जपून ठेवलेत (पुणेकर ते!). सगळ्यात जुना १९५६ चा. तोवर साहेब जाऊन नऊ वर्षं झाली होती. डबा आमच्याकडेच होता, पण आकडे कुणी बघितलेच नाहीत.

आता प्रश्न आत्याचा. ती या सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलेली. तिला हे सांगायचं कसं? शिवाय चुलतभावाला ही 'इंग्लिश रॅले' बंगळूरच्या घरात भिंतीवर टांगायची आहे. मला ती चालवायची आहे. म्हणजे माझाही स्वार्थ होताच, लपवत नाही.

शेवटी फोन केला. आत्या शांतपणे म्हणाली, "अण्णा नुसतं रॅले म्हणायचे रे. इंग्लिश कधीच नाही म्हणाले. ते तुझ्या काकाचं."

"आणि साहेब?"

"कुठला मेला साहेब! ऑफिसच्या पतपेढीचं कर्ज काढलं होतं. मी तिसरीत होते. आई सहा महिने धड बोलली नव्हती त्यांच्याशी. दोन वर्षं हप्ते फेडले, तोवर घरात नवीन कपडा नाही आला."

हे मी पहिल्यांदा ऐकत होतो. इतकी वर्षं का नाही सांगितलंस, विचारलं तर म्हणाली, "तुम्हाला साहेबाची गोष्ट आवडायची."

चुलतभाऊ हे वाचेलच. बाबा रे, भिंतीवर टांगायला हवी असेल तर अजूनही सांग, पण ती आसनसोलची आहे आणि हप्त्यांवर घेतलेली आहे.

डावी कॉटर अजून निघालेली नाही. रविवारी मोठी हातोडी आणतोय.